मयत नारायण सखाराम, मुक्काम बहरीन

माणूस जातो, कागद राहतो. आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात रेकॉर्डरूमच्या दारावर एक लाकडी पाटी होती. एका जुन्या मुन्सफसाहेबांनी तिच्यावर पांढऱ्या रंगात हे वाक्य लिहून घेतलं होतं. त्या दाराआड मी सव्वीस वर्षं रेकॉर्ड कारकून होतो. पाटीतला 'कागद' हा शब्द माझ्या नोकरीच्या दहाव्या वर्षी वाळवीने खाल्ला. 'माणूस जातो, राहतो' एवढं उरलं. पाटी काढायचा हुकूम कोणी दिला नाही, म्हणून ती तशीच लटकत राहिली. बहरीनला जाऊन येईपर्यंत मला त्यात काही अर्थ दिसला नव्हता.

१९८३ च्या जुलैत, एका रविवारी, पोस्टमन छत्री मिटून पडवीत आला आणि त्याने माझ्या हातात तार दिली. इंग्रजीत होती. नारायण सखाराम पेडणेकर मयत झाले आहेत, नातेवाइकांनी संपर्क साधावा. पोस्टमनला तेवढं इंग्रजी येत होतं. त्याने सहीसाठी वही पुढे केली. मी सही केली, ना. स. पेडणेकर. त्याने सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि चहा न घेता सायकल वळवून निघून गेला.

मेला होता माझा धाकटा भाऊ वसंत. नऊ वर्षांपूर्वी मुंबईच्या एजंटाने गल्फसाठी माणसं निवडली तेव्हा मॅट्रिक पास ही अट होती. वसंत गणितात दोनदा आपटला होता. मी पास होतो. मी माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढलं, त्यांच्या नकला केल्या आणि 'खरी नक्कल' असा गोल शिक्का माझ्या हाताने मारला. त्या नकलांत एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्या घेऊन गेलेला माणूस दुसरा होता. त्या आधारावर पासपोर्ट निघाला, फोटो वसंतचा आणि नाव माझं. तेव्हापासून मी दर महिन्याला स्वतःच्या नावाने एक पत्र बहरीनला पाठवत असे.

मृतदेह आणायला मी निघालो. पासपोर्ट काढायला पाच आठवडे लागले. माझ्या नावाने, माझ्या जन्मतारखेने एक पासपोर्ट आधीच दिलेला आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी स्वतः रेकॉर्डवाला असल्यामुळे मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. दोन रजिस्टरं दोन वेगळ्या खोल्यांत असली की त्यांची आयुष्यात गाठ पडत नाही.

निघताना वसंतची बायको सुमती दाराशी उभी होती. तिच्या गळ्यात अजून मंगळसूत्र होतं, कारण माणूस बघितल्याशिवाय काढायचं नाही असं आईनेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "भावोजी, निदान शेवटच्या टायमाक तरी तेंका तेंच्या नावान हाक मारा."

मी हो म्हटलं. ह्या प्रवासात मला एवढंच काम होतं, आणि ते करता येईल की नाही हे मला माहीत नव्हतं.

मुहर्रक

बहरीनचा विमानतळ मुहर्रक नावाच्या वेगळ्या बेटावर आहे. तिथून समुद्रात बांधलेल्या रस्त्याने मनामाला, म्हणजे राजधानीला, जातात. विमानाच्या दारातून बाहेर पाय टाकला तेव्हा मला वाटलं की इंजिनाची वाफ अंगावर आली. इंजिन दुसऱ्या बाजूला होतं. ती हवाच होती. आमच्याकडे श्रावण चालू होता.

न्यायला दोघे आले होते. एक गोपाळ, शेजारच्या गावचा, पिकअप चालवायचा. तो वसंतचा खोलीतला सोबती. दुसरा फिलिप डिमेलो, वसईचा, वसंत ज्या ठेकेदाराकडे क्रेन चालवायचा त्याच्या ऑफिसातला क्लार्क. माझा व्हिसा त्यानेच टाइप केला होता. त्याने माझा पासपोर्ट मागून घेतला, उघडला, मिटला आणि परत दिला.

"व्हिसाच्या फॉर्मवर नाव टाइप करताना मला कळलं होतं," तो म्हणाला. "पण साहेब, एक विचारू? तुम्ही वसंत होऊन का नाही आलात? सगळं जुळलं असतं."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फॉर्म समोर आला की तो खरा भरायचा, ही नोकरीतली जुनी सवय. आयुष्यात एकदा खोटेपणा केला होता, आणि आता खरं लिहिल्यामुळे अडकलो होतो.

रस्त्याच्या कडेला अरादचा किल्ला दिसला. आमचा विजयदुर्ग बघितलेल्या माणसाला तो कोणीतरी ओल्या वाळूत मुठीने थापल्यासारखा वाटतो. समुद्र उथळ, रंग हिरवट, लाट नाही. मी गोपाळला विचारलं, भरती येते का. तो म्हणाला, येते, पण कोणाला सांगत नाही.

अस्कर

अस्कर हे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. जवळच अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आहे. त्याच्या धुराड्यांची गावाला सावली मिळत नाही, पण धूर मिळतो. गावात मशीद, चार-सहा गल्ल्या, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. आमच्या पोलीसपाटलासारखा इथेही गावचा एक मुखत्यार असतो. तो एका दुकानाच्या सावलीत बसला होता. गोपाळने सलाम केला, मीही केला. त्याने माझ्याकडे बघून गोपाळला काही विचारलं आणि उजवा हात छातीवर ठेवला. वसंतला तो ओळखत होता. नारायण म्हणून.

वसंतची खोली गावाबाहेरच्या कॅम्पात होती. चार खाटा, त्यातल्या एकीवर गादी गुंडाळून ठेवलेली. तो सकाळच्या शिफ्टला उठला नाही, गोपाळने पायाला हात लावला तर पाय गार. डॉक्टरांनी हृदय असं लिहिलं. गोपाळ हे सगळं आमटीला फोडणी देता देता सांगत होता. इथला सफी नावाचा मासा त्याने घातला होता, चवीला बरा, पण काटे वकिलासारखे, कुठून निघतील सांगता येत नाही. आमटीत आमसुलं होती. बरणी ओळखीची वाटली. एप्रिलमध्ये मीच पाठवलेली. वरच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात माझंच नाव.

खाटेखालची ट्रंक उघडली. शर्ट, सुमतीचा फोटो, आणि सुतळीने बांधलेली माझी पत्रं, सगळी. एका जुन्या वहीत त्याने माझी सही गिरवली होती, पानंच्या पानं. शेवटची पानं बघितल्यावर मला कबूल करावं लागलं की माझी सही तो माझ्यापेक्षा चांगली करत होता.

"नाना," गोपाळ म्हणाला, "कामार तेका सगळे नारायण म्हणीत. पयल्या वर्साक हाक मारली तर तो मागे वळान बघा नाय. मगे बघूक लागलो. मगे वसंता म्हटला तर उशिरा वळा."

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या शवागारात गेलो. तिथल्या केरळी कारकुनाने फाइल काढली, माझा पासपोर्ट शेजारी ठेवला आणि बोट फिरवत वाचलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख तीच. तो सभ्य माणूस होता. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "आपण स्वतःलाच न्यायला आला आहात का?"

फिलिपने काहीतरी सावरायचा प्रयत्न केला. कारकून म्हणाला, कोर्टाचा कागद आणा. मी वसंतला बघायची विनंती केली. तेही कागद आल्यावर.

परत येताना फिलिप म्हणाला की इथे मरण सोपं आहे, निघणं कठीण. मेलेल्याचाही व्हिसा आधी कॅन्सल करावा लागतो. मग त्याने दोन बोटं वर केली. "एक सुचवू? तुमच्या वडिलांना दोन बायका होत्या. दोघींनी पहिल्या मुलाचं नाव नारायण ठेवलं. इथे कोणाला त्यात काही वाटणार नाही."

माझ्या वडिलांना एकच बायको होती, आणि तिलाही ते घाबरत. मी म्हटलं, बघू.

आली

शुक्रवारी सगळं बंद. खोलीत बसलो तर मी त्या गुंडाळलेल्या गादीकडे बघत राहीन हे ओळखून गोपाळने पिकअप काढली आणि देश दाखवायला नेला. देश आमच्या तालुक्याहून लहान आहे. आमच्या तालुक्याला एक मुन्सफ आणि एक तहसीलदार पुरतो. ह्यांना मंत्री लागतात, पण जागेची अडचण होत नाही.

बेटाचा उत्तरेकडचा काठ खजुरीच्या बागांचा आहे. तिथे जमिनीतून गोड्या पाण्याचे झरे येतात, काही तर समुद्राच्या तळातून. पूर्वी खलाशी चामड्याच्या पखाली घेऊन बुडी मारत आणि खाऱ्या पाण्याखालून गोडं पाणी भरून आणत असं सांगतात. आता झरे आटत चालले आहेत आणि बागांच्या कडेच्या खजुरींची शेंडी वाळलेली दिसते. दक्षिणेला सगळं ओसाड. मधे जबल दुखान, म्हणजे धुराचा डोंगर, देशातलं सर्वांत उंच ठिकाण. आमच्याकडे त्याला टेंब, म्हणजे टेकाड, म्हणाले असते आणि वर म्हसोबा बसवला असता. तिथून पाइपलाइनी दिसतात, आणि हवा स्वच्छ असली तर दोन्ही बाजूंचा समुद्र. हवा स्वच्छ नव्हती.

पश्चिमेला समुद्रात पूल बांधत होते, सौदीपर्यंत. पूल झाला की काय होईल असं मी विचारलं. गोपाळ म्हणाला, ते हय येतले, हे थय जातले. त्याहून जास्त खुलासा मला नंतर कुठेही वाचायला मिळाला नाही.

परत येताना आली नावाच्या गावी थांबलो. तिथे मातीचे उंचवटे आहेत, इतके, की पहिल्यांदा मला ती शेतातली वारुळं वाटली. ती थडगी आहेत. हजारो वर्षांपूर्वीची. लांबपर्यंत पसरलेली, घरांच्या मधे, रस्त्याच्या कडेला, एका घराच्या मागच्या भिंतीला टेकलेली. एवढ्या लहान बेटावर इतके लोक मेले कसे, की बाहेरून आणून पुरत, ह्यावर विद्वानांचा वाद आहे म्हणे. कोणाच्याही नावाची नोंद नाही.

त्याच गावात कुंभार आहेत. एका उंचवट्याच्या पोटात भोक पाडून त्यांनी भट्टी केली होती आणि आत माठ भाजत ठेवले होते. थडग्यात. म्हाताऱ्या कुंभाराला मी खुणेने विचारलं, आतला माणूस? त्याने हात झटकले आणि म्हणाला, "खलास." मग मला एक लहानसं मडकं दाखवलं. मी ते घेतलं. कशासाठी घेतलं हे तेव्हा स्वतःशीही बोललो नाही.

मनामा

मनामाच्या बाजारात उतरलं की परदेशात आल्यासारखं वाटत नाही. सिंध्यांची कापडदुकानं, गुजराती सराफ, उडप्याचा वास. हिंदी सगळ्यांना येते आणि कोणालाच नीट येत नाही. नगरपालिकेला इथे बलदिया म्हणतात. ती जुनी आहे आणि फिलिपच्या म्हणण्याप्रमाणे ह्या देशात खरं राज्य तिचंच. पाव भाजायचा परवाना ती देते, दुकानाची पाटी किती लांब असावी ती ठरवते, मेलेल्याला कुठे न्यायचं तेही सांगते. निवडणूक नावाची गोष्ट इथे दहा वर्षांपूर्वी एकदा येऊन गेली होती. पुन्हा कधी, असं मी एका दुकानदाराला विचारलं. त्याने पंखा माझ्या बाजूला वळवला आणि यंदा उकाडा फार आहे असं म्हणाला.

कोर्टाची इमारत नवी होती. दरवाजा इतका उंच की उंटावर बसलेला माणूसही न वाकता आत जावा. न्यायाची भव्यता दरवाजाच्या उंचीवर मोजायची पद्धत आमच्याकडेही आहे. फक्त आमच्या कोर्टात त्या उंचीचा उपयोग वटवाघळांना होतो. आत संगमरवर, सोनेरी पायांच्या खुर्च्या, पितळी पाट्या. गारवा शवागाराइतका.

पहिला तास मी चुकीच्या रांगेत काढला. एका बाकावर बायका, एकावर पुरुष, सगळे गप्प. तासाभराने एका काळ्या बुरख्यातल्या बाईने शिपायाकरवी मला विचारलं की मी तिच्या नवऱ्याकडून साक्षीला आलो आहे का. ते काडीमोडाचं कोर्ट होतं. शरियतची कोर्टं वेगळी, पंथापंथाप्रमाणे पुन्हा वेगळी, आणि बाकीचं दिवाणी-फौजदारी वेगळं. तोवर फिलिप मला शोधत वरच्या मजल्यावर फिरत होता.

आमचं काम ज्या खोलीत होतं तिथे एक म्हातारा कारकून बसला होता. सगळे त्याला हाजी म्हणत. मी फाइल पुढे ठेवली. त्याने ती उघडली नाही. तिच्या नाडीच्या गाठीकडे बघत राहिला. रेकॉर्डरूममध्ये आम्ही एक गाठ मारतो, एका टोकाने ओढली की सुटते, पण फाइल उभी धरली तरी ढिली पडत नाही. वकिलांना ती येत नाही. त्याने टोक ओढलं, गाठ सुटली. त्याने ती पुन्हा मारली, अगदी तशीच.

"कोर्ट के आदमी हो?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने चहा मागवला, काचेच्या लहान पेल्यात, दुधाशिवाय. त्याचं लहानपण मुंबईत गेलं होतं. बाप मोत्यांचा व्यापार करायचा, मोत्यांचा धंदा मेला तेव्हा परत आले. इंग्रजांच्या वेळी परक्या लोकांचे खटले इथे इंग्रज एजंटाच्या कोर्टात चालत, आणि तिथे कायदा हिंदुस्थानचा होता. हाजी त्या कोर्टात नकला करायचे. त्यांनी कपाट उघडून मला दंड संहितेचं एक पुस्तक दाखवलं, मुंबईत छापलेलं. बांधणी शाबूत होती. मी पहिल्यांदा कडा बघितल्या. ते हसले. "यहाँ दीमक नहीं है," म्हणाले.

जगातली कोर्टं न्यायाधीश चालवतात असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा एखाद्या खोलीत दोन तास बसावं. हाजींनी मयताचे आणि माझे कागद वाचले, चष्मा काढला आणि काही विचारलं नाही. फक्त म्हणाले की आत गेल्यावर जे सांगाल ते एकदाच सांगा, दोनदा विचारलं तर एकच उत्तर आलं पाहिजे.

जजसाहेब तरुण होते, पांढऱ्या पायघोळ अंगरख्यात. त्यांनी हाजींमार्फत पहिलाच प्रश्न विचारला, वडिलांना दोन बायका होत्या का. फिलिपने माझ्या पायावर पाय ठेवला. दार आपोआप उघडलं होतं, मी फक्त आत जायचं होतं. मी वसंतचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि मला वहीतली माझीच सही दिसली.

मी म्हटलं, नाही. आई एक, बाप एक. नाव माझं आहे, माणूस तो आहे. त्याचं नाव वसंत. दाखला माझा होता, नक्कल मी केली, शिक्का मी मारला.

हाजींनी ते अरबीत सांगितलं. त्यांना माझ्या बोलण्याहून जास्त वेळ लागला, म्हणजे त्यांनी त्यात काहीतरी घातलं असणार. काय, ते मी कधी विचारलं नाही. जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला आमच्या कोर्टातले आरोपी आठवले, ते अशा वेळी छताकडे बघतात. मीही बघितलं. छत कोरं होतं.

मग ते हळू आवाजात बोलले. दोन वाटा होत्या. पहिली, मी सांगितलं ते लिहून घ्यायचं. मग चौकशी, मुंबईच्या पासपोर्ट कचेरीला पत्र, तिकडून उत्तर. तोपर्यंत मयत शवागारात. दुसरी, पासपोर्टवर आहे तेवढंच लिहायचं आणि मला भाऊ म्हणून ताबा द्यायचा.

"मुंबईहून जवाब कितने दिन में आएगा, ये आप बताओ," हाजी म्हणाले. "आप वही काम करते हो."

आमच्या रेकॉर्डरूममध्ये रत्नागिरीच्या कचेरीला १९५८ साली पाठवलेल्या एका पत्राच्या उत्तराची फाइल होती. उत्तर आलं की लावायची म्हणून मी ती दर वर्षी पुसून ठेवत असे.

जजसाहेबांनी आणखी एक वाक्य म्हटलं. हाजींनी ते सांगताना माझ्याकडे न बघता फाइलीकडे बघितलं. "साहब पूछते हैं, नाम ले जाना है या आदमी."

मी म्हटलं, आदमी.

लोकांना सांगताना मी इथे थांबतो. पहिल्या वाटेने माझी नोकरीही गेली असती, कदाचित बेडीही पडली असती, आणि आदमी म्हणताना हे माझ्या मनात नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

बाहेर आल्यावर हाजींनी हुकमाचा कागद माझ्या हातात दिला. मयत नारायण सखाराम. ताबा घेणारा नारायण सखाराम, भाऊ. मी तो वाचत उभा राहिलो तेव्हा ते म्हणाले, कागद विचारतो पासपोर्टवर काय नाव आहे. आई काय म्हणून हाक मारायची हे तो विचारत नाही. खोटं काही लिहिलेलं नाही. हे मला ठाऊक होतं. खरी नक्कल.

शेवटचा दिवस

मृतदेह विमानाने न्यायचा तर आणखी कचेऱ्या आणि पुन्हा तोच प्रश्न. तिथेच अग्नी द्यायचं ठरलं. बलदियाची चिठ्ठी मिळाली. मनामातल्या जुन्या देवळाचे महाराज आले, सिंधकडचे, गुडघेदुखीने हैराण. शहराबाहेर भिंत घातलेली एक मोकळी जागा, एक पत्र्याची शेड, लाकडं आफ्रिकेतून आलेली. कॅम्पातले सात-आठ जण शिफ्ट बदलून आले होते. फिलिप टोपी हातात धरून भिंतीशी उभा राहिला.

चेहरा बघितला. नऊ वर्षांत तो माझ्यासारखा दिसायला लागला होता. वडिलांवर गेला असेल.

महाराजांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि संकल्प सुरू केला. काश्यप गोत्र, आणि पुढे माझं नाव, आणि त्याच्यापुढे प्रेत. आपल्या नावाला लागलेला तो शब्द मी ऐकला, आणि खरं सांगायचं तर कानांना फारसं वेगळं वाटलं नाही. लोक उभे होते. गोपाळने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "महाराज, वसंत म्हणा."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा बघितली. "इसमें तो नारायण लिखा है."

"नारायण मी."

मी खिशातून पासपोर्ट काढायला लागलो, तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या मागे रजिस्टर घेऊन देवळाचा माणूस उभा होता. महाराज गुडघा सावरत म्हणाले, मंत्रात वसंत, रजिस्टरात नारायण. मग त्यांनी संकल्प पहिल्यापासून केला. त्यांनी नाव घेतलं, आणि त्यांच्या पाठोपाठ मी मोठ्याने घेतलं. त्या बेटावर वसंत ही हाक बहुधा नऊ वर्षांत पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने मारली गेली. आगीला लवकर वारा मिळाला. ऑगस्टात तिथे आग लावायला फार कष्ट पडत नाहीत.

रजिस्टरावर मी सही केली. मयताचं नाव आणि खालची सही, दोन्ही एकच. देवळाच्या माणसाने शाई टिपली आणि वही मिटली.

अस्थी मी आलीच्या मडक्यात भरल्या. विमानतळावर कस्टमच्या माणसाने ते वाजवून बघितलं.

परत

त्या वर्षी सुतकामुळे गणपती शेजाऱ्यांकडे बसवला. सुमतीने मला एकच विचारलं, "नाव घेतलात?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात काही नव्हतं.

मडकं देवगडच्या खाडीत सोडलं. मग ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने बहरीनचा मृत्यूचा दाखला आणि त्याचं भाषांतर दोनदा वाचलं. दाखल्यातला मयत त्याच्यासमोर खुर्चीवर बसला होता, त्यामुळे माझी नोंद त्याला करता येईना. वसंतचा दाखला नव्हता, त्यामुळे वसंतचीही करता येईना. त्याने मृत्यूचं रजिस्टर काढलं होतं ते पुन्हा फळीवर ठेवलं, आणि सवडीने बघू म्हणाला. मीही रेकॉर्डवालाच. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

घरात सुमती विधवा आहे, सरकारी कागदावर सवाशीण. रेशनकार्डावर वसंतची साखर अजून मिळते. आई ती वेगळ्या डब्यात ठेवते, आणि वापरत नाही.

पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक झाली. मी जेवून दुपारी शाळेत मतदानाला गेलो. यादीत आम्ही दोघे एकाखाली एक. बोटाला शाई लावणाऱ्या मास्तरांनी माझ्या नावावर रेघ मारली, आणि मला दिसलं की खालच्या नावावर आधीच रेघ आहे. मी विचारलं. त्यांनी चष्म्यातून बघून सांगितलं की पेडणेकर वसंत सखाराम सकाळी साडेआठलाच मतदान करून गेले.